आजारी मूठ

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी भाडं सांगायच्या आधी माझा एक केस मागितला.

“तोडू नका,” ते घाईनं म्हणाले. “कंगव्यात आपसूक येतो तसला द्या. ओढून काढलेला केस ताणला जातो, मग तो खरं सांगत नाही.”

आई माझ्या मागे उभी होती. तिनं माझी ओढणी मागून खेचली, म्हणजे चल इथून. तेवढ्यात स्वयंपाकघरातून घरमालकीण काकूंचा आवाज आला, “घाबरू नका हो. सगळ्यांकडे मागतात. गॅस सिलेंडरवाल्यालासुद्धा सोडलं नाही. द्या एक, म्हणजे किल्ली मिळेल.”

मी वेणीतून बोटं फिरवली आणि निघाला तो केस दिला. टेबलाच्या कडेला एका लाकडी चापात वस्तऱ्याचं नुसतं पातं धार वर करून बसवलं होतं. काकांनी केसाचं एक टोक चिमटीत धरलं आणि लोंबणारा केस त्या धारेवर अलगद टेकवला. टिक् असा अगदी बारीक आवाज झाला आणि अर्धा केस खाली पडला. मला वाटलं, झालं, पास झाला वस्तरा. पण काकांचा चेहरा पडला.

“बोलला,” ते म्हणाले. “केस बोलला म्हणजे धार कच्ची. पक्की धार असली की तो गुपचूप पडतो. अजून दोन दिवस लागतील.” मग आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही आत्ताच आलोय, आणि विचारलं, “हां, खोली ना? नळाला पाणी सकाळी येतं.”

अशा रीतीनं मला जेल रोडला राहायला जागा मिळाली. मी तेव्हा नाशिक रोडच्या एका शाळेत कारकून होते. वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि गावचं घर बंद करून मी आईला इकडे आणलं होतं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, समोर गच्ची, खाली काका-काकू. त्या घरात आम्ही चार वर्षं काढली. काकांना जाऊन आता बराच काळ झाला, पण अजूनही कंगव्यात केस आला की तो टाकायच्या आधी माझा हात क्षणभर थांबतो. ही त्यांनी लावलेली खोड.

पहिले काही महिने मला एकच प्रश्न छळत होता. ज्या माणसाच्या जिन्याखालच्या जागेत दाढीचे पन्नासेक वस्तरे आहेत, त्याची स्वतःची दाढी छातीपर्यंत का? मी स्वभावानं चौकस आहे. आई याला भोचक म्हणते. मी आधी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला काय माहीत, मला वाटलं नवस असेल.” पस्तीस वर्षांच्या संसारात यांनी विचारलंच नाही! शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका जोश्यांचं मत असं की त्यांना रक्ताची भीती वाटते. शेवटी मी सरळ काकांनाच विचारलं.

ते दगडावर पातं फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, “रोज चार-पाच केस लागतात तपासायला. डोक्यावर काही उरलंय का?” त्यांनी आपल्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवला. “तुमच्याकडे रोज मागायला बरं नाही वाटत. म्हणून घरचीच बाग लावली.”

मी हसले. ते हसले नाहीत. गंमत करायची त्यांना सवयच नव्हती. जे होतं ते त्यांनी सांगितलं होतं. पुढे त्यांनी मला असंही सांगितलं की दाढीचा केस जाड असतो, त्यामुळे तो धारेला उगाच पास करून टाकतो. खरा परीक्षक म्हणजे म्हाताऱ्या बाईचा पांढरा केस. त्यानंतर आई आपल्या कंगव्यातले केस एका कागदात गुंडाळून दर शनिवारी त्यांच्याकडे पाठवायला लागली. हे ती अगदी गंभीरपणे करायची, घरात दूध तापवावं तसं.

काका सातपूरच्या एका कारखान्यातल्या टूलरूममधून निवृत्त झाले होते. आयुष्यभर पोलाद हाताळलेलं. वस्तऱ्यांचा नाद मात्र निवृत्तीनंतरचा. पंचवटीत कुणाच्या तरी दहाव्याला गेले होते. घाटाच्या पायरीवर बसलेला कारागीर ब्लेड घालायच्या वस्तऱ्यानं लोकांची डोकी करत होता. ते ठीकच, सगळीकडे आता तेच चालतं, ब्लेड एकदा वापरायचं आणि टाकून द्यायचं. पण त्याच्या शेजारी त्याच्या बापाचा अखंड पोलादाचा वस्तरा पडला होता आणि त्यानं तो नारळाची शेंडी साफ करायला ठेवला होता. मूठ अर्धी तुटलेली, पात्यावर गंज. काका सांगत, “विधी राहिला बाजूला. माझं सगळं लक्ष त्या नारळाकडे.” परत येताना तो वस्तरा त्यांच्या खिशात होता. त्या बदल्यात त्यांनी कारागिराच्या चार कात्र्यांना धार लावून दिली.

पुढे हाच त्यांचा रिवाज झाला. दर रविवारी सकाळी बसनं निघायचं, पंचवटीतली नाहीतर जुन्या नाशकातली सलून धुंडाळायची, आणि दारातूनच विचारायचं, “टाकून दिलेला वस्तरा आहे का?” विकत घ्यायचा नाही. कात्र्या धारेला लावून द्यायच्या आणि मोडका वस्तरा घ्यायचा.

एकदा मी हट्टानं त्यांच्याबरोबर गेले. पुरुषांच्या सलूनमध्ये पाय टाकायची ती माझी पहिलीच वेळ. गळ्यात टॉवेल बांधलेली तीन माणसं आरशातून माझ्याकडे बघत राहिली, आणि एकानं तर साबण लावलेल्या तोंडानं मला नमस्कार केला. मालकानं टीव्हीवरच्या गाण्याचा आवाज कमी केला.

“आले का काका! आज सोबत कोण, मॅडम म्युन्सिपाल्टीच्या हे का?”

“भाडेकरू आहेत. वस्तरा सापडला का?”

“सापडला. पण लय बेकार झालाय हो. आजोबांचा हे. मूठ तं गेलीच, दोरा बांधून ठेवलीय. फेकायला निघालो तर आमची मंडळी म्हणती, शनिवारी लोखंड बाहेर टाकू नाय. मग म्हटलं असू द्या, रविवारी तुम्ही येतालच.”

काकांनी तो वस्तरा हातात घेतला आणि पहिल्यांदा नाकाशी नेला. हे त्यांचं नेहमीचं. प्रत्येक वस्तरा ते आधी हुंगत, मग बघत. मूठ शिंगाची होती, खिळ्यापाशी चिरली होती, आणि त्या मालकाच्या आजोबांनी ती काळ्या दोऱ्याचे पन्नास-साठ वेढे देऊन आणि वर लाख लावून घट्ट केली होती. काकांचा चेहरा उजळला. घरी आल्यावर मी विचारलं, आता ही मूठ काढून नवी बसवणार का? ते जवळजवळ दचकले.

“का म्हणून? ही मोडलेली नाहीये. ही दुरुस्त केलेली आहे. त्याच्या आजोबांनी हे करून पुढे वीस वर्षं धंदा केलाय यावर. आपण कोण काढणारे?”

त्यांनी त्या वस्तऱ्याचं पातं साफ केलं, धार आणली, आणि दोऱ्याला नुसतं तेलाचं बोट लावलं.

पातं साफ करायची त्यांची एकच पद्धत. बारीक पॉलिशपेपरचा तुकडा तेलात बुडवायचा आणि बोटाच्या टोकानं घासत बसायचं. मशीन लावायचं नाही. “डाग काढायचा, वय नाही काढायचं,” असं ते म्हणत. एकदा गंगापूर रोडचे एक गृहस्थ आपला वस्तरा घेऊन आले. त्यांनी तो कुठूनतरी मशीनवर चकाचक करून आणला होता. कंपनीचा शिक्का, कोरलेली नक्षी, सगळं घासून सपाट. त्यांना वाटलं काका कौतुक करतील. काकांनी तो उलटासुलटा केला, परत दिला आणि म्हणाले, “छान आहे. आरसा म्हणून वापरा.” चहा येतच होता, तोही त्यांनी काकूंना परत न्यायला लावला. माणूस तसा तिरसट होता, हे मी लपवणार नाही.

पण पातं हे त्यांचं काम होतं आणि मूठ ही त्यांची हौस. तुटक्या मुठींचा एक पत्र्याचा ट्रे त्यांच्याकडे होता. शिंगाच्या, हाडाच्या, लाकडाच्या, एक तर बांबूची. मूठ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी मोडते, जिथून खिळा आरपार जातो तिथे. तुकडा हातात घेऊन ते सांगत, हा फरशीवर पडलाय, हा जोरात मिटल्यामुळे फुटलाय, हा डावखुऱ्या माणसाचा आहे, बघा कुठली बाजू झिजलीय. ते खरं की खोटं हे तपासायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. तरी मी तासन्तास ऐकत बसायची.

नवी मूठ बसवायची म्हणजे पितळेचा खिळा घालून त्याचं डोकं ठोकून पसरवायचं. त्यासाठी छोटी हातोडी आणि अगदी हलके ठोके, दोनशे तरी. एक जोरात बसला की चार दिवस घासून केलेली मूठ तडकलीच. त्या अर्ध्या तासात घरात कुणी बोलायचं नाही. काकू मिक्सर लावायच्या थांबत. माझ्यादेखत तीन मुठी त्यांच्या हातून तडकल्या. तडकली की ते उठत, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन येत आणि नवा तुकडा उचलत.

मला हे सगळं बघताना सारखी आठवण यायची ती आमच्या ट्रंकेतल्या वस्तऱ्याची.

माझे वडील तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. घरोघरी साधे रेझर आले, पुढे वापरून टाकायचे आले, तरी ते आजोबांच्या वस्तऱ्यानंच दाढी करत. पहाटे अंगणात आरसा टांगायचे. तेव्हा घरातल्या कुणीही बाहेर यायचं नाही, हाक मारायची नाही, असा आमच्या घरी नियमच होता. हात हलला तर गाल कापायचा. दाढी झाली की वस्तरा पुसून, मिटून आईच्या हातात द्यायचे आणि ती तो कोनाड्यात ठेवायची. वडील गेल्यावर आईनं त्यांचे कपडे वाटून टाकले, चष्मा देऊन टाकला. वस्तरा मात्र तिनं त्यांच्याच हातरुमालात गुंडाळून आणला होता.

मूठ मधाच्या रंगाची, उजेडात धरली की आरपार दिसणारी. खिळ्यापाशी तिला तडा गेला होता आणि तड्याभोवती हिरवट डाग पडला होता. ती नीट करून मिळाली तर आईला बरं वाटेल, एवढाच माझा विचार. एका रविवारी आम्ही दोघी तो घेऊन खाली गेलो.

काकांनी वस्तरा नाकाशी नेला आणि तसेच उठले. चपला न घालता जिना चढून वर गच्चीत गेले आणि वस्तरा कठड्यावर ठेवून आले. आम्ही बघतच राहिलो.

“आजारी आहे,” ते म्हणाले. “घरात नाही ठेवता येणार.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. ही मूठ सेल्युलॉइडची. जुने कंगवे, बाहुल्या, पिंगपाँगचे चेंडू यांचं असायचं ते. बनवताना त्यात कापूर घालत, त्यामुळे चांगली मूठ बोटानं घासली की कापराचा वास येतो. पण वय झालं की हा माल आतून बिघडतो आणि त्यातून तेजाबासारखी वाफ सुटते. दिसत काही नाही. पण बंद जागेत ती वाफ आपल्याच पात्याला खाते, आणि शेजारी दुसरे वस्तरे असतील तर त्यांनाही. “मी प्रत्येक वस्तरा हुंगतो ते याच्यासाठी. पातं अजून वाचेल, वहिनी. अप्रतिम पोलाद आहे. पण मूठ टाकावी लागेल. मी शिंगाची नवी करून देतो.”

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “भाऊ, पात्याला त्यांचा हात कवा लागला? हात लागला तो मुठीला. रोज मिटून माझ्या हातात देयाचे, ती गरम असायची. पातं तुमाला पायजे तं घ्या. मूठ मला द्या.”

“वहिनी, ती तशीही टिकणार नाही. भुगा होईल तिचा.”

“होऊ द्या. माझ्यापशी होईल.”

पोलाद वाचवायचं सोडून कुणी प्लास्टिकचा तुकडा मागतंय, हे काकांच्या डोक्यात शिरत नव्हतं. आईच्या डोक्यात हे शिरत नव्हतं की जिच्यावर चाळीस वर्षं एका माणसाची बोटं फिरली ती वस्तू विषारी कशी असेल. मी मध्ये. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

शेवटी तडजोड झाली. काकांनी खिळा काढून पातं आणि मूठ वेगळी केली. पातं साफ करून, तेल लावून, इतर सहा तयार वस्तऱ्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं. मुठीचे दोन तुकडे एका करवंटीत घालून गच्चीच्या कठड्यावर, मोकळ्या हवेत. “पाऊस लागेपर्यंत तिथं राहू द्या. मग बघू,” ते म्हणाले. दहा दिवसांत काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी महिनाभर बारीक काम बंद सांगितलं. नव्या मुठीचं राहून गेलं.

मे महिना होता. गच्ची आमच्या दारासमोरच. आई दिवसभर त्या करवंटीकडे बघत बसायची. “उन्हात टाकलंय,” ती म्हणायची. मुठीला रोज एक नवी चीर पडत होती. तिचं जेवण कमी झालं. मी म्हटलं, आई, ती वस्तू आहे. ती म्हणाली, “हो, वस्तूच हे.” आणि पुन्हा तिकडेच बघायला लागली.

मग एके दिवशी मी शाळेतून आले तर आई प्रसन्न दिसली. तिनं भाकरी केली होती आणि माझ्याबरोबर बसून नीट जेवली. जेवता जेवता म्हणाली, “ठेवली मी आज ती मूठ आत. काकूंकडून तो पात्याचा डबा मागून घेतला. पात्यापशीच ठेवली, रुमालात गुंडाळून. इतकी वर्षं एकत्र होते दोघं, कशाला उगाच वेगळं पाडायचं?”

माझा घास हातातच राहिला. मला नियम माहीत होता. काकांनी तो माझ्यासमोर दोनदा सांगितला होता. मी तेव्हाच उठून खाली गेले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. पण आई बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवत होती. मी मनात म्हटलं, थोडे दिवस राहू दे, काका काम सुरू करायच्या आधी हळूच काढून ठेवू. आणि मग शाळेची कामं निघाली, आणि मी विसरले. विसरले म्हणण्यापेक्षा आठवायचं टाळलं, हे जास्त खरं.

ऑपरेशननंतर चाळीस दिवसांनी काकांनी नवा चष्मा लावून डबा उघडला. आम्हाला मुद्दाम खाली बोलावलं होतं; आईच्या वस्तऱ्याला कसलं शिंग शोभेल ते तिनंच निवडावं म्हणून. झाकण निघालं आणि नाकात झोंबणारा वास खोलीभर पसरला. काकूंनी पदर नाकाला लावला.

मधोमध वडिलांचा रुमाल होता, त्याला तपकिरी भोकं पडली होती. त्याच्याभोवती सातही पाती लालसर, ठिपक्याठिपक्यांची. त्यातला दोऱ्याच्या मुठीचा वस्तरा मी ओळखला. वडिलांचं पातं रुमालाला चिकटून होतं, आणि त्याची धार जागोजागी कुरतडल्यासारखी झाली होती.

काकांना सगळं समजायला एक क्षण पुरला. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. ज्यानं एका बाहेरच्या माणसाचा चहा परत पाठवला तो आम्हाला काय काय बोलेल याची मी तयारी करत होते.

“वहिनी, हात दाखवा,” ते म्हणाले.

आईनं हात पुढे केले. त्यांनी तिची बोटं एकेक करून उजेडात पाहिली. “जळजळ झाली होती का? नाही ना? तरी साबणानं धुऊन घ्या.” एवढं बोलून त्यांनी डबा उचलला आणि जिन्याखाली गेले. काकू हळूच म्हणाल्या, “आज जेवणार नाहीत.” ते जेवले नाहीत.

चार दिवस खालून कसलाच आवाज नव्हता. आई म्हणाली, “खोली सोडू आपण. मला त्यांच्याकडं बघवणार नाय.” मी खरं काय ते तिला सांगितलंच नाही, की तिला ते समजलंच नव्हतं पण मला समजलं होतं, चूक माझी. ते मी काकांना मात्र सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सहा वस्तरे पुन्हा घासता येतील. थोडे पातळ होतील.” मला आजही त्या सहांची आठवण आली की लाज वाटते.

पाचव्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर स्वच्छ फडक्यावर वडिलांचं पातं ठेवलं होतं. धारेला हात लावला नव्हता. ती तशीच खाल्लेली. फक्त पातं जिथं संपतं तिथून खिळ्याच्या भोकापर्यंतचा जाड भाग, ज्याला ते मान म्हणत, तेवढाच नुसत्या तेलानं पुसून साफ केला होता.

“धार गेली, वहिनी. ती मला परत आणता येणार नाही.”

“भाऊ, माझ्यामुळं—”

“ते राहू द्या. मला एक विचारायचंय. दाढी करताना वस्तरा कसा धरायचे ते?”

आईनं टेबलावरची पेन्सिल उचलली आणि सुरी धरावी तशी मुठीत धरून दाखवली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मीही तशीच धरून दाखवली असती. वडिलांना दाढी करताना आम्ही कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

काका स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “हे कुणाला माहीत नसेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं मी.”

त्यांनी दोऱ्याचा वस्तरा घेतला, पातं पूर्ण मागे उघडलं आणि हातात धरला. तीन बोटं मानेच्या वर, करंगळी शेवटच्या वळलेल्या टोकावर, अंगठा मानेच्या खाली. मूठ बोटांच्या वर मोकळी उभी होती. तिला हात लागतच नव्हता.

“मूठ ही वस्तऱ्याचं घर. उघडताना आणि मिटताना धरायची, बस. दाढी करताना सगळा हात इथं असतो, पोलादावर. आता हे बघा.” त्यांनी वडिलांचं पातं पालथं करून भिंग धरलं. “मानेच्या खाली बारीक खाचा दिसतात? अंगठा घसरू नये म्हणून कंपनीनं घातलेल्या. मोजल्या मी, दोन्ही बाजूंना आहेत. मधल्या नाहीत. मधे गुळगुळीत झालंय. ते गंजानं नाही झालं. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, म्हणून तिथं पॉलिशपेपर लावला नव्हता.”

आईनं भिंगातून पाहिलं, पण तिला काही दिसलं नसावं, कारण तिनं भिंग बाजूला सारलं. काकांनी तिची बोटं धरून वर बसवली, तीन इकडे, करंगळी तिकडे. अंगठा तिनं स्वतःच खाली नेला. तो खाचांवरून थोडा इकडे तिकडे सरकला आणि एका जागी थांबला. आईनं डोळे टिपले नाहीत, काही नाही. मग पातं माझ्यापुढे करत म्हणाली, “तू लावून बघ.”

मी अंगठा लावला. दोन्हीकडच्या खाचांच्या मधली ती गुळगुळीत जागा माझ्या अंगठ्याहून चांगली रुंद होती.

“भाऊ,” आई म्हणाली, “ती मूठ टाकून द्या.”